तांब्याच्या तारेची दुसरी खेप

28 जानेवारी 1882 रोजी मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे केंद्रातून ग्राहकाच्या घरी येणाऱ्या तारेकडे मुख्यतः एकच काम होते, ते म्हणजे माणसाचा आवाज पोहोचवणे. पुढे तांब्याच्या तारांच्या तसल्याच जोडीने घरात ब्रॉडबँड आणले. तार तीच, मग बदलले काय?

बोलणे समजायला 300 ते 3400 हर्ट्झ एवढा कंप्रतांचा पट्टा पुरतो. म्हणून केंद्रात गाळणी बसवून बाकीच्या कंप्रता अडवल्या जात. नंतरची अंकीय केंद्रे आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेत व प्रत्येक नमुना 8 बिटांत मांडत. गुणाकार केला की उत्तर येते सेकंदाला 64,000 बिट. या वाटेने जाणारा मॉडेम त्यापुढे जाणार कसा? ऑगस्ट 1995 मध्ये विदेश संचार निगमने भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, तेव्हा ग्राहकांना 9600 बिटांचा वेग मिळे. पुढे सुधारणा होत मॉडेम 56,000 बिटांशी थांबले. म्हणजे खरी अडचण केंद्रात होती. तार मात्र दहा लाख हर्ट्झच्या पुढेही संदेश वाहू शकत होती.

1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बेलकोर संस्थेच्या जोसेफ लेकलायडर यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. केंद्राजवळ शेकडो जोड्या एका केबलमध्ये दाटीने असतात. तिथून निघणारे जोरदार संदेश दुरून आलेल्या क्षीण संदेशांना बुडवतात. दोन्ही दिशांना समान वेग देण्याऐवजी ग्राहकाकडे येणारी वाट रुंद व जाणारी अरुंद ठेवली, तर हा त्रास कमी होतो. स्टॅनफर्डचे जॉन सिऑफी यांनी त्याला दुसरी जोड दिली. तारेचा पट्टा सुमारे 4300 हर्ट्झच्या 256 अरुंद पट्ट्यांत विभागायचा व ज्या पट्टीत गोंगाट कमी तिच्यावर जास्त बिट लादायचे. यातून एडीएसएल पद्धत आकाराला आली.

घरात स्प्लिटर नावाची छोटी गाळणी आवाज फोनकडे व वरच्या कंप्रता मॉडेमकडे पाठवते. केंद्रातही अशीच विभागणी होते. आवाज जुन्या स्विचकडे जातो, तर माहिती 'डीएसलॅम' या यंत्राकडे. हे यंत्र अनेक ग्राहकांची माहिती एकत्र करून वेगवान जाळ्यात, बहुधा काचतंतूवर, सोडते. भारत संचार निगमने 2005 मध्ये ही सेवा सुरू केली.

आता बारामती व इंदापूर यांच्या दरम्यानच्या शेळगावसारख्या गावाचा विचार करू. खेड्यांत स्वयंचलित केंद्रे पोहोचली ती सी-डॉटच्या 128 जोडांच्या यंत्रामुळे. त्यांतले पहिले 1986 मध्ये कर्नाटकातील कित्तूरला बसले. पण गावात केंद्र आले म्हणजे ब्रॉडबँड आले असे नव्हे. तिथे डीएसलॅम हवा आणि त्याच्यामागे वेगवान जाळेही हवे. एवढे होऊनही अंतर आड येते. तार जितकी लांब तितका संदेश क्षीण, आणि उच्च कंप्रता आधी गळतात. केंद्राजवळ सेकंदाला 80 लाख बिट देणारी पद्धत पाचएक किलोमीटरवर जेमतेम चालते. गावठाणातल्या घराला जे मिळेल, ते उसाच्या मळ्यातल्या वस्तीला मिळेलच असे नाही.

काचतंतूला ही मर्यादा फार कमी जाचते. ग्रामपंचायतींपर्यंत तो नेण्याच्या योजनेला 2011 मध्ये मंजुरी मिळाली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. तरी पंचायतीपासून वस्तीपर्यंतचा तुकडा उरतोच.

वर्गात एक उपक्रम करून पाहावा, असे आम्ही सुचवतो. गावाच्या नकाशावर दूरध्वनी केंद्र किंवा पंचायत मध्यभागी धरून एक, तीन व पाच किलोमीटरची वर्तुळे काढा. तार सरळ जात नाही, रस्त्याने वळसे घेत जाते, हेही ध्यानात ठेवा. मग आपल्या वर्गातली कोणती मुले कोणत्या वर्तुळात राहतात, ते मांडा. कोणाच्या घरी ज्ञानाचे हे दार आधी उघडले आणि कोण वाट पाहत राहिले, याचा बराचसा उलगडा त्या नकाशातच होईल.