कुत्र्याचे इतर कुत्र्यांवर भुंकणे

फिरायला नेलेल्या पाळीव कुत्र्याने दुसरा कुत्रा दिसताच एकसारखे भुंकणे, पट्टा ताणून त्याच्या दिशेने उसळणे, गुरगुरणे, दात दाखवणे या वर्तनाला प्रशिक्षक व पशुवैद्य अतिप्रतिक्रिया किंवा ‘रिॲक्टिव्हिटी’ म्हणतात. घरात मुलांबरोबर लोळणारा, पाहुण्यांचे हात चाटणारा कुत्राही रस्त्यावर असा वागू शकतो. हा स्वतंत्र असा आजार नाही, आणि त्याला द्वाडपणा म्हणणेही चूक आहे. बहुतेक वेळा असा कुत्रा भ्यालेला असतो. समोरच्याने दूर जावे एवढेच त्याला हवे असते. त्याला आवरण्याचे जे उपाय टिकाऊ ठरले आहेत ते सगळे या अंतराचा विचार करूनच आखलेले आहेत.

भीती आणि भुंकणे यांची सांगड पक्की कशी होते हे मालकाने समजून घेतले पाहिजे. समोरचा कुत्रा आपल्या वाटेने चाललेला असतो आणि थोड्या वेळात तो तसाही दिसेनासा होणार असतो. पण भुंकणाऱ्याच्या लेखी हिशेब वेगळा असतो. आपण भुंकलो आणि तो गेला, असा अनुभव त्याच्या पदरी पडतो. सकाळ-संध्याकाळ हाच अनुभव येत राहिला की भुंकणे हा त्याचा हमखास उपाय होऊन बसतो. त्यामुळे वय वाढले की सवय आपोआप सुटेल, हा भरवसा सहसा खोटा ठरतो. काही कुत्र्यांत मात्र मूळ उलटे असते. त्यांना दुसऱ्याजवळ जायची अनावर ओढ असते, पट्टा आड येतो आणि त्या कोंडमाऱ्यातून आरडाओरडा होतो. भ्यालेला कुत्रा भुंकण्याआधी अंग आखडतो, कान मागे घेतो, ओठ चाटतो, जांभई देतो, अंगाचा भार मागच्या पायांवर टाकतो. ओढीने भुंकणाऱ्याचे अंग बरेच सैल असते आणि भुंकण्यात कुंईकुंई मिसळलेली असते. दोघांची शिकवणी जवळपास एकच असली, तरी पहिल्याला जबरदस्तीने ‘ओळख’ करून देणे धोक्याचे असते.

भुंकणे हा निव्वळ गोंगाट नव्हे. हंगेरीतील बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांड विद्यापीठात पेतेर पोंग्रात्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुदी जातीच्या कुत्र्यांचे ध्वनिमुद्रित भुंकणे लोकांना ऐकवले. कुत्रा अनोळखी माणसावर भुंकतो आहे, खेळतो आहे की एकटा बांधलेला आहे, हे ज्यांनी कधी कुत्रा पाळला नव्हता त्यांनाही अंदाजापेक्षा बरेच चांगले ओळखता आले. खोल आवाजातले, भराभर येणारे भुंकणे लोकांना रागाचे वाटले. शेपटीबाबतही गैरसमज आहे. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश, असे सरसकट म्हणता येत नाही. इटलीत २००७ मध्ये झालेल्या अभ्यासात मालकाला पाहून कुत्र्यांची शेपटी उजवीकडे अधिक झुकली, तर अनोळखी दांडग्या कुत्र्याला पाहून डावीकडे. ताठ, उंच धरलेली आणि थरथरल्यासारखी हलणारी शेपटी हा सावध होण्याचा इशारा आहे.

पट्ट्याचा वाटा मोठा आहे. मोकळी कुत्री एकमेकांकडे सरळ चालून जात नाहीत. ती वळसा घेतात, नजर चुकवतात, जमीन हुंगतात आणि मग बाजूने जवळ येतात. अरुंद गल्लीत आखूड पट्ट्याने धरलेल्या दोन कुत्र्यांना यातले काहीच करता येत नाही. ती समोरासमोर आणली जातात. पट्टा ताणला की छाती वर उचलली जाते आणि भ्यालेला कुत्राही समोरच्याला चाल करून आल्यासारखा दिसतो. पळायची वाट तर बंदच असते. चेक प्रजासत्ताकातील ब्र्नो येथे फिरायला आलेल्या कुत्र्यांचे निरीक्षण करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पट्ट्यावर असलेल्या कुत्र्यांमध्ये धमकावण्याचे प्रसंग मोकळ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. यावरून कुत्रा मोकळा सोडावा असा अर्थ कोणी काढू नये. पट्टा हवाच, पण दीड-दोन मीटर लांबीचा, हातात सैल धरलेला आणि गळ्याऐवजी छातीभोवतीच्या हार्नेसला अडकवलेला.

हे वर्तन मुळात कशामुळे येते याला एक उत्तर नाही. आनुवंशिकता आहेच. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथील दीर्घ संशोधनातून पिल्लाच्या वयाच्या ३ ते १२ आठवड्यांचा काळ समाजात मिसळायला शिकण्याचा असतो, हे दाखवले. त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये निघाला. भारतात नेमक्या याच काळात घोळ होतो. महिन्याभराचे पिल्लू आई आणि भावंडांपासून तोडून विकले जाते. श्वानप्रजनन व विक्रीविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकण्यास मनाई आहे, तरी सर्रास विकले जाते. पुढे पार्व्हो या संसर्गजन्य आजाराच्या धास्तीने लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला घराबाहेर काढले जात नाही, आणि चार महिन्यांचे झाल्यावर एकदम रस्त्यावर उतरवले जाते. पार्व्होची भीती रास्त आहे. त्यावर तोड म्हणजे पिल्लाला कडेवर किंवा पिशवीत घेऊन फिरवणे, दुरून कुत्री दाखवणे आणि लस घेतलेल्या ओळखीच्या शांत कुत्र्याशी घरी गाठ घालून देणे. एखाद्या कुत्र्याने केलेला हल्लाही पुढच्या भीतीला पुरेसा ठरतो.

सुरुवात पशुवैद्याकडून करावी, विशेषतः वर्तन अचानक बदलले असेल तर. सांधे, दात, कान किंवा पोट दुखत असलेला कुत्रा दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. लिंकन विद्यापीठातील डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये नोंदवले आहे, की वर्तनसमस्येसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या प्राण्यांपैकी किमान एक तृतीयांशांना कुठली ना कुठली वेदना असते. दुखणे तसेच ठेवून केलेली शिकवणी वाया जाते.

शिकवणीचे तत्त्व जुने आहे. इव्हान पाव्हलोव्हच्या प्रयोगांतून दोन गोष्टींची सांगड कशी बसते ते कळले. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला भिणाऱ्या एका लहान मुलाला त्याच्या आवडीचा खाऊ देत ससा टप्प्याटप्प्याने जवळ आणला आणि त्याची भीती घालवली. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीला शिस्तबद्ध रूप दिले. कुत्र्यांसाठी आज हेच वापरतात. दुसरा कुत्रा दिसतो आहे, पण आपला कुत्रा अजून भुंकलेला नाही आणि हातातला खाऊ खातो आहे, असे अंतर आधी शोधायचे. कोणाला ते वीस मीटर असते, कोणाला शंभर. त्या अंतरावर कुत्रा दिसला की लगेच उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे एकामागून एक द्यायचे. तो दिसेनासा झाला की देणे बंद. क्रम उलटा होता कामा नये. खाऊ आधी आणि कुत्रा नंतर असे झाले, तर खाऊ म्हणजेच संकटाची चाहूल अशी गाठ बसते. पुरेशा सरावानंतर आपला कुत्रा समोरच्याला पाहून स्वतःहून मालकाकडे वळतो. भावना बदलू लागल्याची ती खूण आहे, आणि तेव्हाच अंतर थोडे कमी करायचे. कुत्रा खाईनासा झाला तर आपण फार जवळ आलो असे समजून मागे फिरावे. भुंकायला लागल्यावर शिकवत बसू नये, कारण त्या अवस्थेत तो शिकू शकत नाही. खाऊत मनुका, द्राक्षे, कांदा आणि चॉकलेट नसावे, ती कुत्र्याला विषारी आहेत.

याच्या जोडीने मागे वळण्याची सवय लावतात. घरात, मग जिन्यात, मग मोकळ्या रस्त्यावर ‘चल’ म्हणताच कुत्र्याने हसतखेळत उलटे वळावे इतका सराव झाला, की कोपऱ्यावर अचानक समोर कुत्रा आला तरी निभावते. उभ्या असलेल्या मोटारीची आड घेणे, रस्ता ओलांडणे, मूठभर खाऊ गवतात टाकून हुंगायला लावणे हेही उपयोगी पडते. एकाच दिवशी फटाके, घरी पाहुणे आणि रस्त्यावरची चकमक असे ताण साचले तर एरवी सहन होणारा समोरचा कुत्राही त्याला सहन होत नाही. अशा दिवशी फिरणे वगळून घरातच खाऊ शोधण्याचे खेळ द्यावेत. दिवाळीचा आठवडा शिकवणीचा नव्हेच.

परदेशी पुस्तकांत पहाटे किंवा रात्री उशिरा फिरवण्याचा सल्ला असतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तो अनेकदा अंगलट येतो. माणसांची वर्दळ नसलेल्या त्या वेळेतच रस्त्यावरची कुत्री सर्वांत जागी असतात आणि आपली हद्द राखत असतात. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत नसबंदी व लसीकरण करून कुत्रे मूळ जागी परत सोडण्याची पद्धत आहे, आणि त्यामुळे गल्लीतील कुत्री बहुधा ठरलेली असतात. ती कुठे झोपतात, त्यांना कोण आणि केव्हा खायला घालते, हे माहीत करून घेतले की वाट आखता येते. सकाळी रहदारी सुरू झाल्यावर ती पांगतात किंवा झोपतात, तो वेळ बरा. उन्हाळ्यात मात्र डांबर तापायच्या आत परतावे लागते. टोळी चालून आलीच तर पळू नये. आपल्या कुत्र्याला मागे घेऊन मध्ये उभे राहावे, खाऊ त्यांच्या दिशेने दूर भिरकावावा आणि सावकाश मागे सरावे.

घरातले भुंकणेही याच सवयीला खतपाणी घालते. गॅलरीच्या जाळीतून किंवा फाटकातून दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या कुत्र्यांवर भुंकणारा कुत्रा रस्त्यावर शांत राहण्याची अपेक्षा व्यर्थ आहे. खिडकीच्या खालच्या काचांना अपारदर्शक कागद लावणे, गॅलरीचे दार बंद ठेवणे यांनी बराच फरक पडतो. गृहनिर्माण संस्थांतील भांडणे मुख्यतः या आवाजावरून होतात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संस्थेला बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. तरी शेजाऱ्याच्या झोपेची काळजी घेणे हे मालकाचेच काम आहे.

मारणे, पट्ट्याला हिसके देणे, काट्यांचा किंवा विजेचा झटका देणारा गळपट्टा घालणे हे उपाय आजही सुचवले जातात. ते करू नयेत. दुसरा कुत्रा दिसला की गळ्याला वेदना होते, एवढेच त्यातून कुत्रा शिकतो आणि भीती वाढते. गुरगुरणे दाबले तर इशारा न देता चावणारा कुत्रा तयार होतो. अमेरिकेतील पशुवर्तन पशुवैद्यांच्या संस्थेने २०२१ मध्ये अशा साधनांविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. वेल्समध्ये झटक्याच्या गळपट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे. कुत्र्याला ‘कळपाचा म्होरक्या’ व्हायचे असते, म्हणून त्याला दाबात ठेवा, ही समजूत रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ मधील, बंदिस्त लांडग्यांवरील निरीक्षणांतून पसरली. डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये दाखवले, की रानातला लांडग्यांचा कळप बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असे साधे कुटुंब असते.

भीती फार असेल तर पशुवैद्य फ्लुऑक्सेटिनसारखी औषधे देतात. त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि शिकवणी सोबत चालूच ठेवावी लागते. चावण्याचा इतिहास असलेल्या कुत्र्याला मझल घालावे, पण पिंजऱ्यासारखे, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात व पाणी पिता येते. तोंड आवळून धरणारी कापडी पट्टी आपल्या हवेत उष्माघाताला आमंत्रण देते, कारण कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापांवाटे बाहेर टाकतो. नसबंदीने ही भीती जात नाही. पूर्ण ‘बरा’ होण्याची हमी कोणीच देऊ शकत नाही, पण महिनोन्‌महिने धीराने केलेल्या कामाने बहुतेक कुत्र्यांचे आणि मालकांचेही जगणे सुकर होते.

ज्यांचा कुत्रा गोड स्वभावाचा आहे त्यांनीही यात हातभार लावावा. समोरचा माणूस आपल्या कुत्र्याला घेऊन रस्ता ओलांडत असेल, तर ‘आमचा काही करत नाही’ म्हणत जवळ जाऊ नका. आपला पट्टा आखडता घ्या आणि त्यांना पुढे जाऊ द्या.