बोईसर-तारापूर : कारखाना, कॉलेज आणि अप्रेंटिस

बोईसर-तारापूर पट्ट्यात उद्योग आधी आला, अभियांत्रिकी महाविद्यालये बऱ्याच वर्षांनी. तारापूर अणुवीज केंद्राचा करार 1964 मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी झाला आणि 1969 मध्ये पहिल्या दोन अणुभट्ट्या वीज देऊ लागल्या. अणुऊर्जा खात्याला लागणारे अभियंते मात्र ट्रॉम्बेत घडत. तिथले प्रशिक्षण विद्यालय होमी भाभांनी 1957 मध्येच सुरू केले होते. पुढे बोईसरला एमआयडीसीची वसाहत वाढली. रसायने, औषधे, कापड आणि पोलाद हे तिथले मुख्य धंदे. पालघरचे सेंट जॉन अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले ते 2008 मध्ये.

तोवर शिक्षणसंस्था आणि कारखाना यांना जोडणारा धागा सामंजस्य कराराचा नव्हता, कायद्याचा होता. 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने कारखान्यांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घातले. सुरुवातीला त्याचा लाभ मुख्यतः आयटीआयच्या फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन अशा मुलांना होता. 1973 च्या दुरुस्तीने पदवी-पदविकाधारक अभियंते त्यात आले, तर बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांना दार उघडायला 2014 उजाडले. या व्यवस्थेत कारखाना काम शिकवतो आणि विद्यावेतन देतो, पण वर्गात काय शिकवावे हे क्वचितच सांगतो. भागीदारी म्हणावी, तर ती एकतर्फीच.

माध्यमशिक्षणाची वाट वेगळी होती. मुंबई विद्यापीठाचा बीएमएम, म्हणजे बॅचलर ऑफ मास मीडिया, हा विनाअनुदानित अभ्यासक्रम 2000 च्या सुमारास सुरू झाला. शेवटच्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता यांपैकी एक शाखा निवडायची असे. तिथे करारमदार फारसे नव्हते. जाहिरात संस्थांतली आणि वृत्तपत्रांतली माणसेच तासिका तत्त्वावर शिकवायला येत, म्हणजे धंदाच वर्गात येई. पालघरची महाविद्यालयेही याच विद्यापीठाची. पण ज्या कचेऱ्यांतून ही माणसे यायची त्या मुंबईत, चर्चगेटपासून बोईसर शंभरेक किलोमीटरवर. 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत धावू लागली, तेव्हा इंटर्नशिपसाठी रोजचा प्रवास निदान शक्य झाला.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात 2023 पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांत कार्यप्रशिक्षण, म्हणजे ओजेटी, आले. त्याला 4 श्रेयांक आहेत. आता कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही आस्थापना शोधावी लागते. बोईसरमध्ये कारखाने भरपूर आहेत. पण रसायनाच्या कारखान्यात चित्रफीत-संकलन शिकणाऱ्याला द्यायला सुरक्षा-प्रशिक्षणाच्या फिती आणि उत्पादनांची माहितीपत्रके यांपलीकडे फारसे काम निघत नाही.