भरताची मिरची कुठली?

हिवाळा लागला की परदेशातली आपली पोरंपोरी भरताचे फोटो टाकतात. जांभळं, जाड सालीचं वांगं, तेही ओव्हनमध्ये भाजलेलं. मिरची म्हणून मेक्सिकोची हालापेन्यो. मग इकडून कोणीतरी म्हणतंच, "हे काय भरीत आहे का?"

जरा इतिहास बघू. मिरचीच मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १६व्या शतकात ती आपल्याकडे आणली. त्याआधी तिखटाला मिरी, पिंपळी, आलं. मिरची हे नावसुद्धा मिरीवरून पडलेलं. बदली म्हणून आली अन् घरची मालकीण झाली राव! भरतातला शेंगदाणा? तोही दक्षिण अमेरिकेतला. आणि हालापेन्यो तर आपल्या हिरव्या मिरचीच्याच जातीची, सख्खी बहीण म्हणा. तेव्हा मिरचीवरून त्या पोरींना कोणी नावं ठेवू नयेत.

वांग्याचं तसं नाही. ते इथलंच. बामणोद-आसोद्याकडचं फिकट हिरवं, कमी बियांचं भरताचं वांगं. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याला बदली नाही. कपाशीच्या काड्यांच्या धुरालाही नाही. पण खरं सांगा, जळगाव-धुळ्याच्या फ्लॅटमध्ये तरी काड्या कुठं पेटतात? आपणही वांगं गॅसवरच भाजतो अन् मिक्सरमध्ये फिरवतो. बडगी माळ्यावर पडलीय.

दुबई, न्यू जर्सीवाल्यांनो, धुराची सोय तुम्ही कशी करता ते कळवा. आम्हालाही लागेल.