साक्षीदाराचा वाली कोण?

श्रोतेहो, भर चावडीपुढे मारामारी होते, दहाजण डोळ्यांनी पाहतात, आणि पोलीस आले की जो तो म्हणतो, “मी तर मळ्यात होतो!” अशा माणसाला आपण भित्रा म्हणतो खरे, पण त्याला धीर द्यायला कायद्याने किती वर्षे लावली, तेही पाहावे.

भारतीय दंड संहिता १८६० साली झाली नि १८६२ पासून लागू झाली. तीत सरकारी नोकराची व्यवस्था पहिल्यापासून होती. त्याला धमकावले तर दोन वर्षांपर्यंत कैद, कामावर असताना अंगावर धावून गेले तरी दोन, दुखापत केली तर तीन. साधा पट्टेवाला का असेना, कलम त्याच्या पाठीशी उभे! आणि साक्षीदार? त्याच्यासाठी खास कलम नव्हते. चारचौघांसाठी जे धमकीचे कलम, तेच त्याला. कोर्टात खोटी साक्ष दिली तर मात्र सात वर्षांपर्यंत कैद. राज्य परक्यांचे, त्यांनी आधी आपली माणसे सांभाळली, असे मला वाटते. पण स्वातंत्र्यानंतरही आपण ही उणीव पन्नासहून अधिक वर्षे तशीच ठेवली, त्याचे काय?

२००२ साली बडोद्याच्या बेस्ट बेकरीत चौदा माणसे मारली गेली. पुढच्या वर्षी सारे आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक उलटले होते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला पुन्हा, आणि गुजरातबाहेर, आपल्या महाराष्ट्रात चालवायला सांगितला. २००६ साली मुंबईच्या न्यायालयाने नऊजणांना दोषी ठरवले. त्याच वर्षी दंड संहितेत कलम १९५-अ आले: खोट्या साक्षीसाठी कोणाला धमकावले तर सात वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम २३२ झाले.

पण हो, धमकावणारा तुरुंगात जाईपर्यंत साक्षीदाराने राहायचे कुठे? त्यासाठी २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना. सर्वोच्च न्यायालयानेच ती देशभर लागू केली. अर्ज साक्षीदाराने करावा, नाहीतर घरच्यांनी, वकिलाने किंवा तपास अधिकाऱ्यानेही. जिल्हा न्यायाधीशांची समिती पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवते. मग घरावर पहारा, कोर्टापर्यंत सोबत, फारच झाले तर दुसऱ्या गावी बिऱ्हाड. मात्र ती योजना मुख्यतः मोठ्या गुन्ह्यांसाठी आखलेली. बांधावरच्या किरकोळ हाणामारीचा साक्षीदार बहुधा तीत बसत नाही. त्याच्या हाती राहते ते धमकीचे कलम, नि जवळचे पोलीस ठाणे.