गॅसवर चालणारा शेतमालाचा टेम्पो का दमतो? लीन मिश्रणाचे निदान आणि दुरुस्ती

दादर स्थानकाच्या पश्चिमेचा फूलबाजार पहाटे भरतो. झेंडू, शेवंती किंवा मोगरा घेऊन निघालेली गाडी उजाडल्यावर पोहोचली, तर माल तोच असतो, पण भाव तो राहत नाही. त्यामुळे टेम्पोचे इंजिन हा काढणीपश्चात व्यवस्थापनाचाच भाग समजावा. खर्च वाचवण्यासाठी अनेक शेतकरी आणि गट पेट्रोलच्या लहान टेम्पोला सीएनजी किट बसवून घेतात. अशा बदललेल्या इंजिनात पिकअप जाणे, मिसिंग मारणे, इंजिन तापणे या तक्रारींच्या मुळाशी अनेकदा एकच गोष्ट असते, ती म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडणे. मेकॅनिक त्याला ‘लीन’ म्हणतात.

लीन म्हणजे नेमके काय?

१ किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. १ किलो सीएनजीला सुमारे १७ किलो लागते. हवा यापेक्षा जास्त झाली किंवा इंधन कमी पडले, की मिश्रण लीन होते. असे मिश्रण सावकाश जळते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही ज्वलन सुरूच असते आणि ती उष्णता व्हॉल्व्ह व त्याच्या सीटवर बसते. कधी जळते मिश्रण उलट इनटेकमध्ये पेटते आणि ‘फट्’ असा बॅकफायर होतो. त्याने एअर फिल्टरचा प्लॅस्टिकचा डबाही फुटू शकतो.

गॅसवर शक्ती थोडी कमी मिळणे स्वाभाविक आहे. गॅस इंजिनात हवेची जागा अडवतो, त्यामुळे पेट्रोलच्या तुलनेत साधारण दहा टक्के घट गृहीत धरावी. घट त्याहून बरीच जास्त असेल किंवा अचानक आली असेल, तर तो बिघाड समजा.

डिझेल गाडीला हा नियम लावू नका

डिझेल इंजिन मुळातच जास्त हवेवर चालते. तिथे लीन हा दोष नसतो. डिझेल ट्रक काळा धूर सोडत असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त पडते आहे. ओढ कमी असेल तर आधी डिझेल फिल्टर आणि इंधन लाइनमध्ये शिरलेली हवा तपासा. मूळ डिझेल इंजिन सीएनजीवर बदलले असेल, तर त्याचे कॉम्प्रेशन कमी करून स्पार्क प्लग बसवलेले असतात. अशा इंजिनाचे मिश्रण कंपनीने किंवा किट बसवणाऱ्याने ठरवलेल्या मापावरच ठेवावे. या लेखातील पुढील माहिती पेट्रोल-सीएनजी गाड्यांसाठी आहे.

मुंबईच्या टॅक्सींनी शिकवलेला धडा

महानगर गॅस लिमिटेडची स्थापना १९९५ मध्ये झाली. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर मुंबईतील जुन्या टॅक्सी मोठ्या प्रमाणात सीएनजीकडे वळल्या. गिरगाव, परळ, दादरच्या रस्त्यांवरची काळी-पिवळी पद्मिनी हे त्याचे ओळखीचे उदाहरण. ती ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. कार्ब्युरेटरच्या अशा गाड्यांत रिड्यूसरमधून आलेला गॅस मिक्सरमध्ये हवेशी मिसळतो आणि मधल्या पाइपवरचा पॉवर स्क्रू गॅसचे प्रमाण ठरवतो. स्क्रू आवळला की गॅस कमी जातो आणि किलोमागे किलोमीटर काही दिवस वाढल्यासारखे वाटतात. त्याची किंमत पुढे व्हॉल्व्हच्या रूपाने मोजावी लागते. मिक्सरचे किट असलेले जुने टेम्पो अजूनही आहेत. नव्या किटमध्ये स्क्रूऐवजी गॅस इंजेक्टर आणि संगणकातील मॅप हे काम करतात. आवळण्याची हाव मात्र तिथेही टाळायला हवी.

कधी दमतो, ते आधी पाहा

पान पिवळे दिसले म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही. मुळाशी पाणी साचले आहे, नत्र कमी आहे की लोह, हे आधी पाहतो. इथेही तसेच करा. मिश्रण लीन झाले म्हणून लगेच गॅस वाढवू नका. जास्त हवा कुठून शिरते की गॅस कुठे अडतो, हे आधी शोधा.

* आयडलिंगला धडधड, वेग वाढवताच सुधारणा: थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी हवा गळून आत शिरते आहे. लालबाग-परळच्या रांगेत थांबत-थांबत जाताना गाडी बंद पडते, ती बहुधा अशी.
* आयडलिंग ठीक, चढावर व भरल्या गाडीत दम नाही: गॅस कमी पडतो आहे. नाशिक किंवा पुण्याकडून भरलेली गाडी कसारा घाट किंवा बोरघाट उतरून मुंबईत येते, त्यामुळे येताना हा दोष लपतो. परतीला खत, बियाणे, क्रेट घेऊन घाट चढताना तो उघड होतो.
* पेट्रोलवर ठीक, फक्त गॅसवर त्रास: गॅस फिल्टर, रिड्यूसर, गॅस इंजेक्टर किंवा मॅप.
* दोन्ही इंधनांवर त्रास: हवेची गळती, प्लग, कॉइल किंवा सेन्सर.

पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर आलटून-पालटून चालवून पाहणे ही बिनखर्चाची आणि सर्वांत उपयोगी चाचणी आहे.

तपासणी आणि दुरुस्तीचा क्रम

१. प्लग व कॉइल: गॅस पेटवायला जास्त ताकदीची ठिणगी लागते. गॅप वाढलेला प्लग किंवा तडकलेली वायर असेल तर मिश्रण बरोबर असूनही मिसिंग होते. त्या वेळी न जळलेला ऑक्सिजन सायलेन्सरमध्ये जातो आणि ऑक्सिजन सेन्सर ‘लीन’ दाखवतो. म्हणून ठिणगी आधी तपासा. गॅसवर प्लग एरवीही स्वच्छ दिसतात, त्यामुळे सर्व प्लग शेजारी ठेवा. एकच पांढराफटक असेल तर त्याच सिलिंडरकडे लक्ष द्या.

२. हवेची गळती: व्हॅक्यूम होज, त्यांच्या क्लिप, मॅनिफोल्डचे गॅस्केट आणि किट बसवताना पाडलेल्या छिद्रांतील नोझल पाहा. उन्हाने तडकलेला रबरी पाइप बदला, त्यावर टेप गुंडाळू नका. गळती दिसत नसेल तर गॅरेजमध्ये धुराची चाचणी करून घ्या. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा रॉकेल फवारून गळती शोधू नका, आग लागते.

३. एक्झॉस्टची गळती: ऑक्सिजन सेन्सरच्या आधी पाइपला भेग असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि खोटे लीन दिसते.

४. गॅसचा मार्ग: सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का पाहा. गॅस फिल्टर बदला. भरलेल्या सिलिंडरमध्ये गॅस सुमारे २०० बार दाबाने असतो. रिड्यूसरमध्ये दाब उतरताना तो खूप थंड होतो, म्हणून इंजिनाचे गरम पाणी रिड्यूसरभोवती फिरवलेले असते. रिड्यूसरवर दव किंवा बर्फ दिसला तर कूलंट कमी आहे किंवा पाण्याचा पाइप तुंबला आहे.

५. स्कॅनर: इंजेक्टरच्या गाडीत फ्युएल ट्रिम वाचून घ्या. साधारण दहा टक्क्यांपर्यंतची अधिक-उणे दुरुस्ती संगणक सहज सांभाळतो. आकडा अधिक वीसच्या पुढे टिकत असेल तर दोष आहे. पी ०१७१ हा कोड लीन मिश्रणाचा. आयडलिंगचा आणि भारावरचा आकडा वेगवेगळा लिहून घ्या. उतारावर पाय काढल्यावर लीन दिसणे नेहमीचे आहे.

६. टॅपेट: गॅसवर व्हॉल्व्हच्या सीट लवकर झिजतात आणि टॅपेटमधील फट कमी होत जाते. व्हॉल्व्ह पूर्ण बसेनासा झाला की तो जळतो. गाडीच्या पुस्तिकेतील मापाप्रमाणे फट नियमित तपासा.

७. मिश्रण लावणे: वरचे सर्व ठीक झाल्यावरच स्क्रू किंवा मॅपला हात लावा. गळती तशीच ठेवून गॅस वाढवला तर आयडलिंग सुधारते, पण वेगात मिश्रण जाड होते, गॅस वाया जातो आणि पीयूसीत गाडी अडकते.

सुरक्षितता आणि कागदपत्रे

जास्त दाबाची लाइन, सिलिंडर आणि त्याचा व्हॉल्व्ह स्वतः उघडू नका. जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहणे एवढेच घरी करावे. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो. म्हणून ताडपत्री बांधलेल्या किंवा बंद बॉडीत सिलिंडर असेल तर वरून वायुवीजन हवे. वास आला तर इंजिन बंद करा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि दिव्याच्या बटणालाही हात लावू नका. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. किट मान्यताप्राप्त हवे आणि आरसीवर सीएनजीची नोंद हवी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदीशिवाय केलेला बदल चालत नाही, आणि अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

गटांसाठी नोंदवही

शेतकरी उत्पादक कंपनी किंवा गटाचा टेम्पो असेल तर भरलेला गॅस किलोत, किलोमीटर आणि मालाचे वजन अशी तीन घरांची नोंद ठेवा. ॲव्हरेज घसरले तर सगळे लक्ष देतात. पण पिकअप कमी होऊन ॲव्हरेज अचानक वाढले, तरीही गाडी तपासायला न्या, कारण लीन मिश्रणाची सुरुवात पुष्कळदा अशीच दिसते. दुरुस्तीनंतर रिकामी गाडी गॅरेजच्या दारात फिरवून पसंत करू नका. माल भरून एखाद्या चढावर गॅसवर चालवा, इंजिनाच्या तापमानाचा काटा पाहा आणि मगच सणाच्या मालाची खेप लावा.