मठाच्या गादीवरून राज्य चालवणारी माटिल्डे

१/ इ.स. ९९७. तरुण जर्मन सम्राट ओटो तिसरा इटलीच्या स्वारीवर निघाला. मागे राज्य सांभाळायचे कोणी? त्याने हा भार कोणा ड्यूकवर वा बिशपवर न टाकता आपल्या आत्यावर सोपवला. ही आत्या होती क्वेडलिनबुर्ग येथील स्त्रीमठाची अध्यक्षा, माटिल्डे.

२/ तिचा जन्म ९५५ सालचा. पिता ओटो पहिला, माता आडेलहाइड. क्वेडलिनबुर्गच्या टेकडीवर तिचे आजोबा, राजा हेन्री पहिला, यांची समाधी होती. ९३६ साली त्यांच्या निधनानंतर आजी माटिल्डे हिच्या पुढाकाराने तेथे मठ स्थापन झाला. दिवंगत राजांसाठी प्रार्थना करणे हे त्याचे प्रमुख कार्य.

३/ ९६६ साली, अवघ्या अकराव्या वर्षी, नात या मठाची अध्यक्षा झाली. राजकन्येचा विवाह म्हणजे जावई आणि नातवंडांच्या रूपाने सिंहासनाला नवे दावेदार. मठात गेलेली कन्या मात्र माहेरचीच राहत असे, आणि मठाला दिलेली जमीनही घराण्याच्या प्रभावाखालीच राही.

४/ तरीही हा एकांतवास नव्हता. येथील स्त्रिया उच्चकुलीन होत्या. ईस्टरच्या सणाला राजदरबार अनेकदा येथेच भरत असे. कोर्वाय मठातील इतिहासकार विडुकिंड याने सॅक्सन लोकांचा आपला इतिहास याच माटिल्डेला अर्पण केला.

५/ ९८३ च्या डिसेंबरात तिचा भाऊ ओटो दुसरा रोममध्ये वारला. वारस केवळ तीन वर्षांचा. बव्हेरियाच्या हेन्रीने त्या बाळराजाला ताब्यात घेतले आणि ९८४ च्या ईस्टरला, तेही क्वेडलिनबुर्गमध्येच, समर्थकांकडून स्वतःला राजा म्हणवून घेतले. माता थेओफानू, आजी आडेलहाइड आणि आत्या माटिल्डे या तिघी बाळाच्या हक्कासाठी उभ्या राहिल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये हेन्रीला बाळ परत करावे लागले.

६/ पुढे त्याच भाच्याने ९९४ साली क्वेडलिनबुर्गला बाजार भरवण्याचा, नाणी पाडण्याचा आणि जकात घेण्याचा अधिकार दिला. त्यामुळे मठाध्यक्षेच्या हाती शहराची आर्थिक सूत्रेही आली.

७/ म्हणूनच ९९७ ची निवड आकस्मिक नव्हती. राज्याची प्रतिनिधी म्हणून माटिल्डेने ९९८ साली डेरेनबुर्ग येथे सरदारांची सभा बोलावली. ९९९ च्या फेब्रुवारीत तिचे निधन झाले. आजी-आजोबांच्या शेजारीच तिला चिरविश्रांती मिळाली.

८/ तिच्यानंतर गादीवर आली तिची भाची आडेलहाइड. ही परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, म्हणजे साडेआठशेहून अधिक वर्षे, चालली. घराण्याने कन्येला सिंहासनापासून दूर ठेवण्यासाठी जी वाट निवडली, त्याच वाटेने ती राज्यकारभारापर्यंत पोहोचली. मध्ययुगातील स्त्रीसत्तेचा शोध घेताना राण्यांच्या महालांइतकेच मठांचे दरवाजेही ठोठावले पाहिजेत.