प्राथमिक स्तरावरील मराठी व्याकरण व लेखन अध्यापन

प्राथमिक स्तरावरील मराठी व्याकरण व लेखन अध्यापन म्हणजे साधारणतः सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांना मराठीची लिपी, वाक्यरचना, लेखननियम व स्वतंत्र लेखन शिकविण्याची प्रक्रिया होय. मराठीभाषक मूल शाळेत येते तेव्हा लिंग, वचन व विभक्ती यांचा वापर ते बोलताना करीतच असते. त्यामुळे या वयात व्याख्या पाठ करून घेण्याआधी बोलण्यातील ही व्यवस्था मुलाच्या लक्षात आणून देणे उपयुक्त ठरते.

पार्श्वभूमी

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले. १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. पाठ्यपुस्तकांच्या निर्मितीसाठी पुण्यात १९६७ मध्ये ‘बालभारती’ची स्थापना झाली.

लिपीपरिचय

पारंपरिक पद्धतीत प्रथम संपूर्ण वर्णमाला व नंतर बाराखडी शिकवितात. अक्षरगट पद्धतीत मोजकी अक्षरे व एखादी स्वरचिन्हे एकत्र घेतात. उदाहरणार्थ, म, क, ल ही अक्षरे व ‘आ’ची मात्रा एवढ्यावर मामा, काका, कमल, माला हे शब्द लिहिता येतात. त्यामुळे अर्थपूर्ण वाचन-लेखन लवकर सुरू होते.

व्याकरण

तो आंबा, ती चिंच, ते केळे अशा परिचित शब्दांतून लिंगभेद स्पष्ट होतो. आंबे, चिंचा, केळी यांतून वचन, तर आंब्याला, चिंचेला, केळ्याला यांतून सामान्यरूप दाखविता येते. संज्ञा नंतर सांगितल्या तरी चालते.

लेखननियम

इकार व उकार यांचे ऱ्हस्व-दीर्घत्व मुलांना विशेष कठीण जाते, कारण बोलण्यात हा भेद नेहमी स्पष्ट नसतो. फूल–फुलाला, विहीर–विहिरीत अशा जोड्यांतून नियम शोधता येतो. शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहितात. ‘आणि’ हा नेहमीच्या वापरातील अपवाद होय.

बोली व प्रमाणभाषा

‘पानी’, ‘आनी’ असे लिहिणारे मूल बहुधा आपला घरचा उच्चार जसाच्या तसा उतरवीत असते. ती निष्काळजी चूक समजून सतत लाल खुणा केल्यास मूल लिहिणेच टाळू लागते. म्हणून आधी आशयाला दाद देऊन, एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीकडे लक्ष वेधणे इष्ट असते. फलटणच्या बोलीतील सामाजिक भेदांचा अभ्यास करणाऱ्या भाषातज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी पुढे तेथेच प्रगत शिक्षण संस्थेद्वारे मुलांच्या वाचन-लेखनाचे कार्य केले.

द्वितीय भाषा म्हणून मराठी

महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा अधिनियम २०२० मध्ये झाला. मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथे राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे अन्य राज्यांतील अनेक कुटुंबे राहावयास आली आहेत. अशा भागांतील वर्गांत काही मुलांची मातृभाषा, तर काहींची नवी भाषा मराठी असते. हिंदीत नपुंसकलिंग नसल्याने हिंदीभाषक मूल ‘माझे घर’ऐवजी ‘माझा घर’ म्हणते. लिपी देवनागरीच असली तरी ‘चहा’ व ‘चाक’ यांतील ‘च’चे भिन्न उच्चार ऐकूनच शिकावे लागतात. अशा मुलांसाठी लेखनापूर्वी गोष्टी, गाणी व संभाषण यांना अधिक वेळ देणे आवश्यक असते. ज्या भाषेत बोलता येत नाही, तिचे व्याकरण केवळ पाठांतर ठरते.